फॉर्म लेकीचा, आकडा घराचा

ताई, नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यातले. ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत पुन्हा तार भरून द्यायचं दुकान आहे, २० वर्षं झाली. एका मोटारीमागे तार, वार्निश, बेअरिंग जाऊन सरासरी दीड हजार सुटतात. वर्षाचे साडेतीन लाख धरा, पाऊस चांगला झाला की त्याहून कमी. लेक लहानपणी दुकानात बसून वेढे मोजायची. यंदा तिला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग लागलं. आम्ही ओबीसी. जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर सगळं झालेलं आहे. फी वर्षाला १ लाख ३५ हजार, त्यात शिक्षण शुल्क १ लाख २० हजार.

फीमाफीचा सरकारी फॉर्म भरायचाय, पण अडचण ह्यांची आहे. म्हणतात, "हातपाय धड आहेत, सरकारपुढे हात पसरणार नाही. आणि आपली मिळकत गावाला कशाला दाखवायची?" मोठ्या मुलाच्या पॉलिटेक्निकच्या वेळीही हेच म्हणाले. फॉर्म भरलाच नाही, पतसंस्थेतून कर्ज काढलं, आणि त्याचे हप्ते तो मुलगा अजून पगारातून भरतोय. आता सायबर कॅफेवाला म्हणतो, दोन हजार द्या, एक लाखाचा उत्पन्नाचा दाखला आणि फॉर्म सगळं मी बघतो. ह्यांना न सांगता उरकून टाकू का? लेकीला यातलं काही सांगावं का? ती आत्ता कुठे १८ वर्षांची झाली, इतक्यात तिच्या डोक्यावर पैशाचं ओझं नको वाटतं.
— एक आई

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि मला आमच्या कॉलेजातली खिडकी आठवली. मी बरीच वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात लिपिक होते. त्या खिडकीशी पालक यायचे आणि वार्षिक उत्पन्न विचारलं की त्यांचा आवाज खाली जायचा. एक गृहस्थ तर एसटीच्या तिकिटामागे पेनानं आकडा लिहून घेऊन आले होते. मुलगा शेजारीच उभा होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी ते तिकीट काचेखालून माझ्याकडे सरकवलं. मी आकडा लिहून घेतला आणि तिकीट तसंच परत दिलं. वडील पाणी प्यायला गेले तेव्हा मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मला माहीत आहे. त्यांचं पासबुक मीच भरून आणतो."

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. लेकीला सांगा, आणि सगळं सांगा. दुकानाचं किती येतं, घराला किती लागतं, पतसंस्थेचं किती राहिलंय, दादा महिन्याला किती हप्ता भरतो. तिला यातलं निम्मं आत्ताच कळलेलं असणार. उरलेलं निम्मं ती मनानं रचत असणार आणि ते खऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक असतं. घरची परिस्थिती लपवून पुण्याला पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. मेसचे पैसे संपले तरी ती घरी सांगत नाहीत, कारण घरात पैशाबद्दल बोलायचं नसतं हेच ती शिकून आलेली असतात. तुम्हाला तसं व्हायला नको असेल तर बोलायला आत्ताच सुरुवात करा. मोटारीच्या स्टेटरच्या खाचेत तारेचे किती वेढे गेले ते जी लेक न चुकता मोजायची, तिला घरचा हिशेब झेपेल.

आणि फॉर्म तिनंच भरायचा आहे. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, खातं तिच्या आधारवर निघतं, अर्ज तिच्या नावाचा असतो, पुढची तीन वर्षं दर वर्षी त्याचं नूतनीकरण तिलाच करावं लागणार आहे. तुम्ही दोघांनी शेजारी बसायचं, कागद हातात द्यायचे, तिनं भरलेलं मोठ्यानं वाचायला लावायचं. कीबोर्डवर हात तिचाच.

आता भाऊंचं. त्यांना न सांगता करू नका. एक तर ते जमणारच नाही, कारण घराचं उत्पन्न म्हणजे त्यांचंच उत्पन्न, आणि दाखल्यासोबतच्या स्वयंघोषणापत्रावर सही त्यांची लागेल. पण जमलं असतं तरी मी नकोच म्हटलं असतं. जो माणूस २० वर्षं कुणापुढे हात न पसरता संसार ओढतोय, त्याच्या पाठीमागे त्याचाच आकडा कागदावर लिहिला गेला आणि ते पुढे कधी त्याला कळलं, तर ते त्याला फार लागेल. त्यांचा स्वाभिमान खरा आहे. त्याची किंमत मोठ्या मुलाला मोजावी लागली हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी त्यांच्यासमोर बोलाव्या लागतील.

कसं बोलायचं? माझ्या अनुभवानं सांगते, "सरकार देतंय तर घ्यायला काय हरकत आहे" असं म्हणाल तर त्यांना ते झोंबेल. त्यांच्या कामाच्या भाषेत बोला. वर्षाचं शिक्षण शुल्क १ लाख २० हजार, चार वर्षांचे झाले ४ लाख ८० हजार. एका मोटारीला दीड हजार सुटत असतील तर त्या ३२० मोटारी झाल्या. सोळा महिन्यांहून जास्त काळ ते दुकानात बसून जे कमावतील ते सगळंच्या सगळं, घरात एक रुपया न आणता. हा हिशेब लेकीला एका कागदावर मांडू द्या आणि तिलाच तो वडिलांना दाखवू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

हात पसरण्याबद्दलही त्यांना एक सांगा. या मुलखात शिकणाऱ्या मुलाला आधार देणं हे कधीच भीक घालणं समजलं गेलं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग काढलं आणि त्यानंतर तिथे एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहत गेली. त्यात राहून शिकलेल्या पोरांना कुणी भिकारी म्हटलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्यासाठी त्यांनीही अर्ज केला होता, करारावर सही केली होती. भाऊंची लेक ज्या रांगेत उभी राहणार आहे त्या रांगेत आधी कोण कोण उभं राहून गेलंय ते त्यांना कळू द्या. आणि हे पैसे आभाळातून पडत नाहीत. भाऊ तांब्याची तार घेतात, त्यावर जीएसटी भरतात. त्यातलेच थोडे घरी परत येतायत.

गावाला मिळकत कळण्याची भीती मात्र तशी कमी करता येते. दाखल्याचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर घरबसल्या करता येतो. सेतू केंद्रात गेलात तरी तिथे रोज शेकड्यानं दाखले निघतात, तुमचा आकडा लक्षात ठेवायला कुणाला वेळ नसतो. कॉलेजातही तो फक्त शिष्यवृत्ती विभाग पाहतो. वर्गात कुणाला कळत नाही.

आता तुमच्या लेकीला नक्की काय मिळतं ते बघू. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याआधी ओबीसी मुलींनाही निम्मंच मिळायचं. मुलांना आजही निम्मंच आहे. म्हणजे तुमच्या १ लाख ३५ हजारांतले १ लाख २० हजार सुटले. वरचं १५ हजारांचं जे विकास शुल्क वगैरे आहे ते या योजनेत येत नाही, ते भरावं लागेल.

पण दोन अटी आहेत आणि त्या नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. संस्थास्तरावरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. "याच कॉलेजात चांगली ब्रँच मिळवून देतो, फक्त कोट्यातून घ्या" असा फोन तुम्हाला येईल, तेव्हा हे आठवा. दुसरी अट, खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. पुण्यात काही जुनी कॉलेजं आता विद्यापीठं झाली आहेत. पाटी तीच असते, इमारत तीच असते. म्हणून लेकीच्या ॲलॉटमेंट लेटरवर कॉलेजचं नाव आणि प्रकार काय छापलाय ते बघा आणि फी भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन सरळ विचारा, "या जागेला महाडीबीटी लागू आहे ना?" उत्तर तोंडी देतील. लेकीला ते तारखेसकट वहीत लिहून ठेवू द्या.

योजनेतल्या मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, अशा सूचना सरकारनं कॉलेजांना दिलेल्या आहेत. तरी काही ठिकाणी "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू" म्हणतात. तेव्हा भांडू नका, घाबरूनही जाऊ नका. शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवा, प्राचार्यांच्या नावानं दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच मागितली की बोलण्याची पद्धत बदलते, हे मी खिडकीच्या आतून पाहिलेलं आहे.

आता त्या कॅफेवाल्याकडे वळते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

एक लाखाचा दाखला कशासाठी हवाय? मर्यादा ८ लाखांची आहे, तुमचं उत्पन्न साडेतीन लाख आहे. तुम्ही खरं सांगून पात्र आहात. तो येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत असणार, कारण खोटा दाखला करून दिला की माणूस कायमचा त्याच्या हातात राहतो. शिवाय हे बघा: लेकीचं नॉन-क्रिमीलेअर काढताना तुम्ही मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न दिलंय. तो आकडा तहसीलच्या नोंदीत आहे. त्याच घराचा आता एक लाखाचा दाखला निघाला तर दोन्ही कागद एकाच फायलीत शेजारी शेजारी येणार. सापडलं तर घेतलेला लाभ परत वसूल होतो, गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि अर्जावर नाव तुमच्या लेकीचं आहे, कॅफेवाल्याचं नाही.

काही वसतिगृहांना, काही भत्त्यांना मर्यादा खालची असते, तिथे तो आकडा कामाला येईल असंही तो सांगेल. तिथे तुम्ही बसत नसाल तर ती जागा तुमची नाही. ती ऊसतोडीला जाणाऱ्या कुणाच्या तरी लेकीसाठी राखलेली आहे, आणि तुमच्या खोट्या दाखल्यानं ती मुलगी पुण्याला न पोचता परत फडावर जाईल. एवढं भाऊंना सांगितलंत तर त्यांचा स्वाभिमान या वेळी तुमच्या बाजूनं उभा राहील, बघा.

आणि फॉर्मसुद्धा त्याला भरू देऊ नका. एका मुलाची गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षाला होता, वडिलांचं सलूनचं दुकान. गावातल्या कॅफेत फॉर्म भरून घेतला होता आणि कॅफेवाल्यानं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला होता. पासवर्डही त्याच्याचकडे. मुलाचा उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपलेला होता, म्हणून अर्ज आमच्याकडून 'सेंड बॅक' झाला. म्हणजे दुरुस्त करून पुन्हा पाठवा. मेसेज गेला कॅफेवाल्याच्या फोनवर. त्याच्या फोनवर असे शंभर मेसेज येत असतील, तो कशाला बघतोय. मुदत संपली. मुलगा माझ्यासमोर आला तेव्हा पोर्टल बंद झालं होतं आणि त्या वर्षाची पूर्ण फी त्याच्या वडिलांनी व्याजानं काढून भरली. मला आजही वाटतं, मी वर्गात एक निरोप पाठवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. त्या वर्षापासून मी सेंड बॅक झालेल्या मुलांची यादी नोटीस बोर्डावर लावायला लागले आणि वर्गप्रतिनिधींना बोलावून हातात द्यायला लागले. पण तो मुलगा तर गेलाच ना त्यातून.

म्हणून लेकीचा नंबर, लेकीचा पासवर्ड. तिच्या आधारला जो मोबाइल जोडलेला आहे तो चालू आहे ना, हे आधी तपासा. बहुतेक घरांत तो बापाचा जुना, बंद पडलेला नंबर असतो. ओटीपी तिथेच जाणार. आधार केंद्रात जाऊन आधी तो बदलून घ्या.

बँकेचंही तसंच. "खात्याला आधार लिंक आहे" एवढ्यावर थांबू नका. सरकारी पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, ते आधार बघून येतात आणि सगळ्यात शेवटी ज्या खात्याला आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा व्हायला) जोडलं असेल त्यात जातात. सिमकार्ड घेताना दुकानदारानं पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, मुलांना ते आठवतही नाही, आणि पैसे तिकडे जाऊन बसतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं, दोन मिनिटं लागतात. तिथे भलत्याच बँकेचं नाव दिसलं तर लेकीनं स्वतःच्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरून द्यायचा. फीची रक्कम काही योजनांत थेट कॉलेजला जाते, काहींत विद्यार्थ्याच्या खात्यावर येते. खात्यावर आली तर ती आपली नाही, कॉलेजची आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा. त्या पैशांतून मोबाइल घेतलेली आणि मग परीक्षेच्या तोंडावर रडत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

कागदांत सगळ्यात आधी उत्पन्नाचा दाखला काढा, चालू आर्थिक वर्षाचा. लोकसेवा हक्क कायद्यानुसार तो १५ दिवसांत मिळायला हवा, पण निकालाच्या दिवसांत तहसीलवर एवढी गर्दी असते की दोन-चार दिवस हातचे ठेवलेले बरे. भाऊ आयकराचं विवरणपत्र भरत असतील तर तिथला आकडा आणि दाखल्यातला आकडा जुळला पाहिजे. बाकी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, रेशनकार्ड, ॲलॉटमेंट लेटर, फीची पावती हे तुमच्याकडे असेलच. तिचं नाव आधारवर आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर अक्षराला अक्षर तेच आहे का ते बघा. स्पेलिंगमधल्या एका जादा 'ए' मुळे अर्ज परत गेलेले आहेत. आणि स्कॅन करताना मोबाइलनं तिरका फोटो काढून चढवू नका. शिक्का आणि तारीख वाचता आली पाहिजे. रात्री अकरा वाजता डोळे ताणून शिक्का वाचणाऱ्या लिपिकाला तो दिसला नाही तर तो अर्ज परतच पाठवणार, त्याचा नाइलाज असतो.

फी सुटली तरी पुण्यात राहायचा आणि जेवायचा खर्च उरतोच, तुम्ही तो लिहिला नाहीत पण तो मनात असणार. राज्य सरकारनं ओबीसी मुलामुलींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वेगळी वसतिगृहं सुरू केली आहेत, पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्यात पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात. जागा मोजक्या, गुणवत्तेनुसार, आणि उत्पन्नाची अट त्यांच्या जाहिरातीत वाचून मगच अर्ज करा. याशिवाय पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली. खेड्यातून आलेल्या, परिस्थिती बेताची असलेल्या मुलामुलींना ती कमी खर्चात राहायला-जेवायला देते. तिथे मुलाखत होते, मुलांना काम करावं लागतं, शिस्त असते. भाऊंना ही जागा आवडेल असं मला वाटतं. लेकीला घेऊन एकदा तिघंही जाऊन या.

एवढं करूनही कमी पडलं तर कर्ज काढा, पण पतसंस्थेतून नको. सरकारी बँकेत शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. हप्ता सुरू होतो तो शिक्षण संपल्यावर एक वर्षानं. शाखेत "आमच्याकडे होत नाही" म्हणतील. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे त्याची नोंद राहते आणि नकार द्यायचा तर कारण द्यावं लागतं. पीएम विद्यालक्ष्मी म्हणून २०२४ मध्ये जी योजना आली, ज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात ३ टक्के सवलत आहे, ती निवडक संस्थांसाठी आहे आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती व्याजसवलत मिळत नाही. तुमच्या लेकीला फीमाफीच कितीतरी जास्त फायद्याची आहे, तेव्हा त्या नादी लागू नका. कर्ज लागलंच तर राहण्या-जेवण्यापुरतं, लॅपटॉपपुरतं, लहानच काढा.

मोठ्या मुलाबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंय. गेलेल्या वर्षांची शिष्यवृत्ती आता मिळत नाही. त्याची निम्मी फी तरी वाचली असती, ती वाचली नाही. लेकीची फी माफ होताना तो बघेल आणि काही बोलणार नाही. तुम्ही बोला. त्याला एकट्याला नाही, जेवताना सगळ्यांसमोर: "तुझ्या वेळी आम्ही चुकलो." भाऊंच्या तोंडून निघालं तर फारच बरं, नाही निघालं तर तुम्ही म्हणा. आणि फीचे जे पैसे घरात राहतील त्यातले पहिले पतसंस्थेत भरून त्याचं कर्ज मिटवा. लेकीला कळू द्या की दादानं हे कर्ज ओढलं. बहुतेक फॉर्म भरताना अडलं तर ती त्यालाच फोन करेल.

येत्या रविवारी दुकान बंद झालं की बसा. एवढी मोठी गोष्ट आहे म्हटल्यावर भाऊ पहिल्या दिवशी हो म्हणतील असं नाही. तो ३२० मोटारींचा कागद त्यांच्यासमोर ठेवून उठा, दोन दिवस विषय काढू नका. माझ्या माहितीतले असे बाप तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारतात, "तो दाखला कुठं मिळतो म्हणालीस?"

अर्ज सबमिट झाला की पोर्टल एक ॲप्लिकेशन आयडी देतं. भाऊंच्या दुकानात मोटार आली की तिचा नंबर, मालकाचं नाव, तारीख लिहायची वही असेलच. तो आयडी त्याच वहीत त्यांच्या हातानं लिहून घ्या, लेकीच्या नावासमोर, तारखेसकट. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तो लागेल, आणि ती वही भाऊ हरवत नाहीत.